रेखाकृति कोणत्या प्रतलावर आहे?

लातूर शहराच्या मध्यभागीं असलेली गंजगोलाई ज्यानें पाहिली नाहीं असा मनुष्य मराठवाड्यांत विरळा. मधोमध १९१७ सालीं बांधलेली दुमजली गोल इमारत, तिच्या मध्यावर अंबाबाईचें देऊळ, आणि सभोंवतालीं येऊन मिळालेले १६ रस्ते. कोठें गुळाची पेठ, कोठें मिरचीची, कोठें सोन्याचांदीची. ह्या गोलाईचें चित्र काढा म्हटलें तर दहांपैकीं नऊजण कागदावर प्रथम एक वर्तुळ काढतील आणि सूर्याच्या किरणांसारख्या १६ रेषा त्याला जोडतील. गंमत अशी कीं, हें वर्तुळ रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला कधींच दिसलेलें नसतें. त्याला दिसतात तीं दुकानें, त्यांवरचा मजला, आणि डाव्या-उजव्या अंगांना इमारत जेथें नजरेआड होते तेथील दोन उभ्या कडा. वर्तुळ दिसतें तें घारीला. माणूस तें मनानें जाणतो, आणि कागद जमिनीसारखा आडवा पसरला आहे असें न बोलतां गृहीत धरून त्यावर उतरवितो.

परंतु कागदावर उमटलेल्या त्या वर्तुळाला स्वतःविषयीं कांहींच सांगतां येत नाहीं. तें भिंतीवरच्या घड्याळाचें असूं शकेल, बैलगाडीच्या चाकाचें असूं शकेल, किंवा आडाच्या तोंडाचें असूं शकेल. घड्याळ आणि चाक उभ्या प्रतलांत असतात. आडाचें तोंड आणि गोलाई आडव्या प्रतलांत. पाहणारा माणूस शेजारचा मजकूर वाचतो, काढणाऱ्याचा हेतु ओळखतो, आणि उणें असेल तें पदरचें घालून पुरें करतो. संगणक पदरचें कांहीं घालीत नाहीं. वर्तुळ कोणत्या प्रतलावर आहे हें त्याला सांगावें लागतें. आणि एकदां सांगितलें कीं तो तें विसरत नाहीं, मग सांगितलेलें चुकीचें कां असेना.

नांदेडजवळ विष्णुपुरी येथें १९८१ सालीं स्थापन झालेली श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था, लातूरचें पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन, आणि दोन्ही जिल्ह्यांतील इतर विद्यालयें यांत शिकणारीं मुलें सुटींत घरीं येतात, संगणकापुढें बसतात, आणि वडील मंडळींना पडद्यावर राखाडी रंगाचे ठोकळे गरगर फिरतांना दिसतात. ह्या कामाला तीं मुलें 'कॅड' म्हणतात. मधूनच एखादें मूल कपाळाला हात लावतें. ठोकळा काढतां येत नाहीं म्हणून तें क्वचितच अडलेलें असतें. बहुधा अडचण निराळी असते: कालपरवां काढलेली रेखाकृति, किंवा दुसऱ्याच कोणी काढून पाठविलेली, नेमकी कोणत्या प्रतलावर पडली आहे तें त्याला उमगत नाहीं. अडचण लहान वाटते. तिचीं मुळें मात्र सव्वादोनशें वर्षें मागें जातात, आणि तिच्यापासून होणारा घोटाळा दगडामातीच्या भिंतीपर्यंत पोंचूं शकतो.

ध्वनिक्षेपणावरून आकृति दाखवितां येत नाहीं, आणि भूमितीचें तर फळ्यावांचून पावलोपावलीं अडतें. उपाय घरांतच आहे. ज्या खोलींत श्रोते बसले असतील तिच्या एका कोपऱ्याकडे त्यांनीं पाहावें. जमीन आणि तिला लागून उभ्या असलेल्या दोन भिंती, ह्या तीन सपाट्या. दोन भिंती जेथें एकमेकींस भेटतात ती एक उभी कड. आणि त्या दोन भिंती जमिनीला भेटतात त्या दोन आडव्या कडा. ह्या तीन कडा म्हणजे तीन अक्ष, आणि तीनहि कडा जेथें एकत्र येतात तो कोपरा म्हणजे आरंभबिंदु. प्रतल म्हणजे अशीच सपाटी. मात्र तिला जाडी नाहीं आणि शेवटहि नाहीं. समोरची भिंत शेजाऱ्याच्या माजघरांतून, गल्लींतून, थेट गोदावरीपलीकडे गेली आहे असें समजावें. कॅडमध्यें नवें काम उघडलें कीं ह्या कोपऱ्याखेरीज दुसरें कांहींच नसतें. तीन रिकामीं प्रतलें एका बिंदूंत छेदून उभीं असतात आणि पुढचें सर्व बांधकाम त्यांच्या आधारानें व्हावयाचें असतें.

हा कोपरा प्रथम शास्त्रांत आणला तो गास्पार माँझ ह्या फ्रेंच गणितज्ञानें. त्याचा जन्म १७४६ चा. मेझियेर येथील लष्करी शाळेंत तो तरुणपणीं नकाशे काढण्याच्या कामावर होता. किल्ल्याची तटबंदी किती उंच ठेवली म्हणजे समोरच्या टेकडीवरील शत्रूच्या तोफांपासून आंतले लोक झांकले जातील, हा प्रश्न त्या काळीं लांबलचक आंकडेमोडीनें सोडवीत. माँझनें तो नुसत्या रेषा काढून सोडविला. आणि इतक्या लवकर उत्तर निघणें शक्यच नाहीं म्हणून अधिकाऱ्यानें आरंभीं तें तपासण्यासहि नकार दिला, असें सांगतात. त्याची युक्ति अशी: वस्तूची एक छाया जमिनीवर घ्यावयाची, एक समोरच्या भिंतीवर घ्यावयाची, आणि मग जमीन व भिंत यांमधील कड ही बिजागरी समजून दोन्ही एकाच सपाटींत उघडून टाकावयाचीं, पेटीचें झांकण मागें पाडावें तसें. अशा रीतीनें तीन मितींची वस्तु दोन मितींच्या कागदावर कांहीं न गमावतां मावते. ही विद्या बरीच वर्षें लष्करी गुपित म्हणून दडवून ठेवण्यांत आली होती. १७९५ सालीं माँझला ती उघडपणें शिकवितां आली, आणि १७९९ सालीं तिच्यावरचा त्याचा ग्रंथ निघाला.

नांदेड-लातुरांतला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आजहि हीच बिजागरी शिकतो. तिला तो 'एक्स-वाय रेषा' म्हणतो. भारतीय मानकांनीं प्रथम कोन पद्धति स्वीकारली आहे. म्हणून त्याच्या कागदावर समोरचें दृश्य वर असतें आणि वरून पाहिलेलें दृश्य खालीं. अमेरिकेंत हें उलट असतें. आतां एकाच कागदावर भिंत आणि जमीन दोन्ही पसरलीं, तर कोणता बिंदु कोणत्या प्रतलावरचा हें ओळखावयाचें कसें? त्यासाठीं पाठ्यपुस्तकांनीं एक साधी खूण ठरविली आहे. जमिनीवरील छायेला नुसतें अक्षर, भिंतीवरील छायेला त्याच अक्षरावर एक लहानसा डॅश, आणि बाजूच्या भिंतीवरील छायेला दोन डॅश. पेन्सिलीचा एवढासा फटकारा. पण तो विसरला कीं खांबाचा पाया खांबाच्या माथ्यावर जातो. परीक्षक ह्या डॅशविषयीं इतके कडक कां असतात, हें मुलांना त्या वेळीं कळत नाहीं.

संगणक आला तेव्हां आरंभीं ह्यांत फारसा फरक पडला नाहीं. १९६३ सालीं आयव्हन सदरलँड यांनीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांत 'स्केचपॅड' नांवाची योजना सिद्ध केली. तींत प्रकाशलेखणीनें पडद्यावर रेषा काढतां येत. १९८२ सालीं निघालेल्या 'ऑटोकॅड'चा बहुतेकांनीं उपयोग केला तोहि चांगला, गुळगुळीत, खाडाखोड न दिसणारा कागद म्हणूनच. खरा पालट झाला तो त्या दशकाच्या अखेरीस, सॅम्युएल गाइसबर्ग यांचें 'प्रो-इंजिनियर' बाजारांत आलें तेव्हां. आणि १९९५ सालच्या 'सॉलिडवर्क्स'नें ती रीत महाविद्यालयाच्या बांकापर्यंत आणून पोंचविली. ह्या नव्या रीतींत माणूस दृश्यें काढीत नाहीं, वस्तूच घडवितो. प्रथम एखादें प्रतल निवडावयाचें. त्यावर रेखाकृति, म्हणजे विद्यार्थ्यांचें 'स्केच', काढावयाची. आणि मग तिला जाडी द्यावयाची. चकलीच्या सोऱ्यांतून पीठ दाबलें म्हणजे खालच्या चकतीच्या भोंकाचा आकार घेऊन तें बाहेर येतें, तशी ती रेखाकृति आपल्या प्रतलाशीं काटकोनांत वाढत जाते. भोंक आकार ठरवितें. दिशा मात्र सोऱ्या जसा धरावा तशी ठरते. सोऱ्या आडवा धरला तर चकली कढईंत न पडतां भिंतीवर जाते. येथें सोऱ्या धरणें म्हणजेच प्रतल निवडणें.

नवशिक्याची पहिली फसगत येथेंच होते. त्याला घराचा नकाशा काढावयाचा असतो. संगणक विचारतो, कोणतें प्रतल? समोर जें दिसतें त्यावर तो बोट ठेवतो, आणि तें बहुधा 'फ्रंट', म्हणजे भिंतीचें प्रतल असतें. त्यावर खोल्या काढून तो तीन मीटर उंची देतो. घर तयार होतें, पण पाठीवर पडलेलें: जमीन भिंतीच्या जागीं आणि भिंती त्याच्याकडे झेपावलेल्या. मग तो काय करतो? चित्र फिरवितो. पडद्यावर घर सरळ दिसूं लागतें आणि त्याचें समाधान होतें. परंतु फिरलेला असतो तो पाहणाऱ्याचा डोळा. घर आहे तसेंच पडलेलें आहे. पुढें ह्याच घरावर भाराचें गणित करण्याची वेळ आली आणि 'खालीं' म्हणजे उभ्या अक्षाच्या उलट दिशा असें यंत्रानें धरलें, कीं छपराचा भार भिंतींवरून पायाकडे जाण्याऐवजीं घराच्या कुशींत शिरतो. उत्तर येतें, आंकडे दशांश चिन्हांसह नीटनेटके असतात, आणि ते सर्व खोटे असतात.

नांवांचाहि थोडा घोटाळा आहे. 'फ्रंट प्लेन' म्हणजे वस्तूची दर्शनी बाजू नव्हे. समोरून पाहणाऱ्याच्या डोळ्याला सरळ सामोरें येणारें, आरंभबिंदूंतून जाणारें प्रतल, एवढाच त्याचा अर्थ. 'टॉप प्लेन'हि माथ्यावर नसतें. त्यांतून प्रत्येक कंपनीचें चालणें निराळें. सॉलिडवर्क्समध्यें 'वाय' अक्ष वर जातो. म्हणून 'एक्स-वाय' हें प्रतल भिंतीसारखें उभें असतें. फुकट मिळणाऱ्या आणि म्हणून विद्यार्थ्यांच्या आवडत्या 'फ्रीकॅड'मध्यें 'झेड' वर जातो. तेथें तेंच 'एक्स-वाय' जमिनीसारखें आडवें. महाविद्यालयांत एक शिकून नोकरींत दुसरें हातीं आलें कीं चांगला हुशार मुलगाहि चार दिवस उलटापालटा होतो. ह्यांत चूक कोणाचीच नाहीं. एका परंपरेचा कागद फळ्यासारखा भिंतीवर टांगलेला आहे, दुसरीचा मोजणीदाराच्या मेजावर पसरलेला आहे. फळ्यावर 'वर' म्हणजे आकाश. मेजावर 'वर' म्हणजे उत्तर दिशा, आणि आकाश कागदांतून बाहेर, मोजणीदाराच्या डोळ्यांकडे. तेव्हां कोणी 'एक्स-वायवर काढ' म्हणून सांगितलें तर तो फळ्याचा मनुष्य आहे कीं मेजाचा, हें आधीं विचारून घ्यावें.

आतां आयती रेखाकृति पुढें आली असतां तिचें प्रतल ओळखावें कसें? पडद्याच्या डाव्या अंगाला कामाची वंशावळ मांडलेली असते. तिला 'ट्री' म्हणतात. सॉलिडवर्क्समध्यें घनाच्या नांवापुढील खुणेवर टिचकी मारली कीं त्याच्या पोटांतली रेखाकृति उघडी पडते. तिच्यावर उजवी कळ दाबून 'एडिट स्केच प्लेन' ही आज्ञा दिली म्हणजे एका चौकटींत प्रतलाचें किंवा पृष्ठाचें नांव दिसतें. नांव वाचून झालें कीं 'कॅन्सल' करून बाहेर पडावें. कारण ही आज्ञा मुळांत प्रतल बदलण्याची आहे, नुसतें पाहण्याची नव्हे, आणि चुकून दुसरीकडे टिचकी पडली तर आकृति तिकडे जाऊन बसते. फ्यूजन आणि इन्व्हेंटर यांत हेंच काम 'रीडिफाइन' ह्या आज्ञेनें होतें. फ्रीकॅडमध्यें रेखाकृति निवडून गुणधर्मांच्या तक्त्यांत 'अटॅचमेंट' ह्या मथळ्याखालीं पाहावें. ती कशाला जोडली आहे आणि कशा प्रकारें, तें तेथें लिहिलेलें असतें, आणि नुसतें वाचल्यानें कांहीं बिघडत नाहीं. ही सोय अधिक सज्जनपणाची म्हटली पाहिजे.

पण नांव मिळालें म्हणजे उत्तर मिळालें असें नाहीं. चौकटींत पुष्कळदां 'प्लेन ३' एवढेंच येतें. प्लेन ३ कोणाचें कोण? तें कदाचित् एका पृष्ठापासून ४० मिलिमीटर अंतरावर बसविलेलें असेल. तें पृष्ठ दुसऱ्या एका घनाचें. तो घन तिसऱ्याच रेखाकृतीपासून वाढलेला. आणि ती रेखाकृति शेवटीं 'राइट प्लेन'वर. येथें वारसाची नोंद पाहावी तसें एकेक पिढी मागें जावें लागतें. त्यासाठीं 'पेरेंट-चाइल्ड' अशी आज्ञा आहे. ती कोणत्याहि वस्तूचे पूर्वज आणि वंशज दोन्ही दाखविते. वंशजांची यादी अवश्य पाहावी. मूळ पृष्ठ पुसलें किंवा सरकविलें तर त्यावर बसलेली प्रत्येक आकृति निराधार होते, आणि ट्रीमध्यें तांबड्या-पिंवळ्या खुणांची रांग लागते.

जेथें ट्रीचा भरंवसा धरतां येत नाहीं तेथें एक जुना, कोणत्याहि यंत्रावर चालणारा उपाय आहे. चार पायांची बाज ओबडधोबड जमिनीवर डुगडुगते. तिवई डुगडुगत नाहीं. कारण एका रेषेंत नसलेल्या तीन बिंदूंमधून एकच प्रतल जातें. तेव्हां रेखाकृतीवरचे असे तीन बिंदु निवडावेत आणि मोजण्याच्या साधनानें प्रत्येकाचे तीन निर्देशक वाचावेत. समजा ते असे आले: ०, ०, २५, ४०, ०, २५, आणि ०, ३०, २५. तिसरा आंकडा तिन्हीकडे २५ च आहे. म्हणजे रेखाकृति 'एक्स-वाय' प्रतलाला समांतर असून 'झेड' दिशेनें त्यापासून २५ मिलिमीटर दूर आहे. दुसरें उदाहरण: ०, ०, ०, ४०, ०, ०, आणि ०, ३०, ३०. येथें कोणताच आंकडा स्थिर नाहीं, परंतु दुसरा आणि तिसरा प्रत्येक वेळीं सारखे आहेत. हें प्रतल 'एक्स' अक्षांतून जाऊन ४५ अंशांनीं कललेलें आहे, पाखाडीच्या छपरासारखें. तीन बिंदु एकाच रेषेवरचे मात्र घेऊं नयेत. एका रेषेभोंवतीं, पुस्तकाच्या पुठ्ठ्याभोंवतीं पानें फिरावींत तशीं, असंख्य प्रतलें फिरूं शकतात.

येवढ्यानेंहि एक गोष्ट राहतेच. प्रतलाला दोन तोंडें असतात. काचेवर लिहिलेलें दुकानाचें नांव आंतून उलटें दिसतें. प्रतल तेंच, काच तीच, पाहणारा कोणत्या अंगाला आहे एवढाच फरक. 'नॉर्मल टु' ही आज्ञा रेखाकृतीला डोळ्यासमोर सरळ आणते, पण केव्हां पुढून केव्हां मागून, आणि सममित आकृतींत तें कळूनहि येत नाहीं. पडद्याच्या कोपऱ्यांतील तीन बाणांकडे पाहावें. उजव्या हाताचा अंगठा 'एक्स'कडे, तर्जनी 'वाय'कडे, आणि तिला काटकोनांत मधलें बोट धरलें तर तें 'झेड' दाखवितें; तेंच बोट आपल्याकडे रोखलेलें असेल तर पाहणारा पुढच्या अंगाला आहे. लातूरजवळच्या मराठवाडा रेल्वे डबा कारखान्यांतून पहिला सांगाडा २५ डिसेंबर २०२० रोजीं बाहेर पडला. अशा सांगाड्यांत खालचा पाया, दोन बाजू, दोन टोकें आणि छप्पर हे मुख्य भाग, आणि डाव्या-उजव्या बाजू पुष्कळ अंशीं एकमेकींचीं प्रतिबिंबें. असें प्रतिबिंब घेतांना आरसा मधल्या प्रतलावर धरावयाचा असतो. तो चुकून बाजूच्या पत्र्यावर धरला, तर दुसरी बाजू डब्याच्या समोर न उमटतां बाहेर, हवेंत उमटते. एवढी मोठी चूक पाहतांक्षणीं कळते आणि म्हणून ती फारशी धोक्याची नसते. धोका असतो तो न दिसणाऱ्या चुकीचा.

त्याचें उदाहरण लातूर जिल्ह्यानें फार महागांत घेतलेलें आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनीं, औसा तालुक्यांतील किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. सरकारी मोजणीप्रमाणें ७,९२८ माणसें दगावलीं. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद ह्या दोन जिल्ह्यांतील ५२ गांवें नव्या जागीं वसवावीं लागलीं. भूकंपाचें मान ६.२ च्या सुमारास होतें. त्या मानानें मनुष्यहानि अतोनात झाली, आणि तिचें मोठें कारण घरांच्या भिंतींत होतें. ह्या भागांतील जुनीं घरें माळवदाचीं. वर मातीचा जाड थर, खालीं दगडमातीच्या रुंद भिंती. भिंत रुंद म्हणून लोकांना ती बळकट वाटे. पण ती एक भिंत नव्हती. बाहेरून एक दगडी थर, आंतून एक दगडी थर, आणि मधल्या पोकळींत माती व कपच्यांचा भराव. दोन थरांना एकमेकांशीं बांधणारें बहुधा कांहींच नव्हतें.

एक पोस्टकार्ड मेजावर उभें धरून त्याच्या कडेवर बोटानें दाबावें. तें बराच जोर सोसतें. त्याच्या पाठीवर फुंकर घातली तरी तें वांकतें. भिंतीचें तसेंच आहे. स्वतःच्या प्रतलांत ती बळकट, प्रतलाशीं काटकोनांत दुबळी. आणि भूकंप भिंत पाहून दिशा निवडीत नाहीं. बाहेरचा थर फुगून रस्त्याकडे गेला, आंतला खोलीकडे, आणि मधून माळवद निजलेल्या माणसांवर आलें.

ह्या भिंतीचें समोरून चित्र काढलें तर काय दिसलें असतें? दगड, सांधे, दार, कोनाडा. बांधीव भिंत आणि दुभंग भिंत यांचें दर्शनी चित्र रेघन् रेघ सारखें. जो दोष जीव घेणारा होता तो त्या प्रतलावर उमटतच नाहीं. त्यासाठीं भिंत आडवी कापून, तिच्या जाडीच्या प्रतलांत पाहावें लागतें. इंजिनियर त्याला 'छेद' म्हणतात. १९९३ सालच्या भारतीय मानकानें, ज्याचा क्रमांक १३८२८, अशा दगडी भिंतींसाठीं सांगितलें आहे कीं, जाडी ४५० मिलिमीटरहून अधिक नसावी, आणि दर ६०० मिलिमीटर उंचीच्या थरांत, एकमेकांपासून १.२ मीटरहून अधिक दूर नाहींत असे, भिंतीच्या पूर्ण जाडीचे आरपार दगड बसवावेत. गवंड्याला ही गोष्ट सांगावयाची तर ती छेदाच्या चित्रांतच सांगतां येते. समोरून पाहतां आरपार दगड हा इतर दगडांसारखाच एक चौकोन.

कॅडमध्यें अशी भिंत घडविणाऱ्या विद्यार्थ्यानें आरपार दगडाचा चौकोन भिंतीच्या दर्शनी पृष्ठावर काढला आणि सवयीनें १०० मिलिमीटर जाडी देऊन टाकली, तर पडद्यावर सर्व यथास्थित दिसेल. दगड आपल्या जागीं, अंतर बरोबर, संख्या बरोबर. तो आरपार मात्र गेलेला नसेल. आणि चित्र कितीहि फिरविलें तरी तें कळणार नाहीं, कारण दुसरें टोंक भिंतीच्या पोटांत दडलेलें आहे. तपासणाऱ्यानें येथें दोन प्रश्न विचारावयाचे: ही रेखाकृति कोणत्या पृष्ठावर आहे, आणि येथून ती किती खोल व कोणीकडे गेली आहे? त्याहून बरें म्हणजे आरपार दगडाची रेखाकृति मुळांतच भिंतीशीं काटकोनांत असलेल्या प्रतलावर काढावी. मग आकृतींतच तो एका थरापासून दुसऱ्या थरापर्यंत पोंचलेला दिसतो, आणि न पोंचलेला असेल तर तेंहि दिसतें. रेखाकृतीचें प्रतल निवडणें म्हणजे कोणता दोष दिसूं द्यावयाचा आणि कोणता झांकावयाचा हें निवडणें होय, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

राहतां राहिली दुसऱ्याकडून आलेल्या कामाची गोष्ट. एका कंपनीचें काम दुसरीच्या यंत्रावर उघडावें म्हणून 'स्टेप' नांवाचा सर्वमान्य साचा वापरतात. त्यांतून घन येतो, पण सामान्यतः वंशावळ येत नाहीं. ट्री उघडून पाहावा तर एकच नोंद, पोटांत रेखाकृति नाहीं. घर आहे, घराचें दप्तर जळालें आहे. अशा वेळीं तिवईचा नियम तेवढा हाताशीं उरतो. एखाद्या सपाट पृष्ठावरचे, एका रेषेंत नसलेले तीन कोपरे निवडावेत, त्यांतून नवें प्रतल बसवावें, आणि त्यावर रेखाकृति काढण्यापूर्वीं 'प्लेन १' हें यंत्रानें दिलेलें नांव खोडून तेथें 'दक्षिण भिंत, बाहेरचें पृष्ठ' किंवा 'दाराजवळचा छेद' असें आपल्या समजुतीचें नांव लिहावें. फ्रीकॅडमध्यें तें देवनागरींतहि लिहितां येतें.